मुदत तुमचीही संपते : सरकारतर्फे अपील ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शासनाच्या वतीने अपील करायचे की नाही हे ठरवणारे सर्व अधिकारी (भूसंपादन, पाटबंधारे, बांधकाम आणि सरकारी वकिलांची कार्यालये)

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही. दिवाणी न्यायालयाच्या नक्कल विभागात 19 वर्षे बसलेला, आता निवृत्त झालेला लिपिक आहे. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल तयार करून देणे एवढेच माझे काम. निकाल तुम्ही पुढून वाचता, मला तो पाठीमागून जास्त ओळखीचा. नक्कलेच्या शेवटच्या पानामागे एक शिक्का असतो आणि त्यात हाताने भरायच्या तारखा: अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. बाहेर वकील कितीही मोठ्या आवाजात भांडोत, अपील मुदतीत आहे की नाही हे शेवटी त्या तीन ओळी सांगतात.

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करायला मुदत कायद्याने 90 दिवस दिलेत, जिल्हा न्यायालयात करायचे असेल तर 30. निकालाचा दिवस धरायचा नाही आणि अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस वजा करायचे. पण तयार झालेली नक्कल तुम्ही उचलली नाही, तर ते दिवस तुमच्याच नावावर. माझ्या कपाटात खालचा खण सरकारी नकलांचा होता. पक्षकाराची नक्कल तयार झाली की तो दुपारी दारात उभा असायचा, कधी कधी तर तयार व्हायच्या आधीच. खालच्या खणातल्या नकलांवर मात्र धूळ बसायची. शिपाई यायचा तेव्हा पाच-सहा एकदम घेऊन जायचा. आमचा विभागही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, पानांची तपासणी अडली की आठवडा आठवडा जायचा. पण तो आठवडा कायद्याने वजा होतो. खालच्या खणातला होत नाही.

आता मामांचे सांगतो. त्यांची सव्वादोन एकर जमीन पाझर तलावात गेली. गावाचे आणि कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण हे पत्र एका कार्यालयाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचखाली जे सहा जिल्हे येतात, त्यांतल्या एकातली गोष्ट आहे एवढे पुरे.

निवाड्याची, म्हणजे भूसंपादन अधिकाऱ्याने ठरवलेल्या मोबदल्याची, नोटीस आल्यावर वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करायला 1894 च्या भूसंपादन कायद्यात सहा आठवडे होते. मामांनी 41 व्या दिवशी अर्ज दिला आणि पोचेवर शिक्का मारून घेतला. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला नऊ दिवस उशीर झाला, त्याचा अर्ज परत आला. ते सहा आठवडे एका दिवसानेही वाढवण्याचा अधिकार भूसंपादन अधिकाऱ्याला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तसे 1996 मध्ये स्पष्टच सांगितले होते: हा अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, त्याला विलंब माफ करता येत नाही. 2013 च्या नव्या कायद्यात सबळ कारण असेल तर आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेण्याची सोय झाली, पण ती या माणसाच्या कामाची नव्हती.

मामांच्या अर्जाचा न्यायालयातला निकाल 16 जून 2009 ला लागला. वाढीव रक्कम साधारण 4 लाख. शेजाऱ्याला दुसरी एक वाट होती. एकाला न्यायालयाने वाढ दिली की त्याच अधिसूचनेतल्या बाकीच्यांनाही त्याच जुन्या कायद्याच्या कलम 28-अ खाली तोच दर मागता येतो. फक्त तीन महिन्यांत, आणि ते तीन महिने निकालाच्या तारखेपासून. तुम्हाला निकाल कळला कधी, याला किंमत नाही. शेजारी तेव्हा मुंबईत हमालीला होता. गणपतीला गावी आला नाही, दिवाळीला आला, तेव्हा त्याला कळले. कार्यालयात गेला तर टेबलामागच्या माणसाने कॅलेंडरकडे बोट दाखवून सांगितले, ‘मुदत संपली.’ बरोबरच होते ते. कायद्यात तसेच आहे.

मामा माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळा होता. ‘आपलं झालं. पण सरकारची मुदत कधी संपते?’ मी त्या न्यायालयातल्या नक्कल विभागातल्या सहकाऱ्याला फोन करून वही बघायला सांगितली. सरकारचा नक्कल अर्ज 7 ऑगस्टचा, म्हणजे निकालानंतर 52 व्या दिवशी. नक्कल 21 ऑगस्टला तयार. 90 दिवस 14 सप्टेंबरला संपत होते, त्यात नक्कलेचे 15 दिवस मिळवले की 29 सप्टेंबर. दसऱ्याचा दुसरा दिवस. मामांनी ती तारीख कालनिर्णयावर निळ्या पेनने गोल केली. त्या दिवशी काही आले नाही. आठवडाभर वाट पाहून मी त्यांना सांगितले, ‘मामा, आता निवांत झोपा. संपलं.’

हे वाक्य मी 19 वर्षे लोकांना ऐकवत होतो. त्या दिवशी मला खरेच वाटत होते की ते खरे आहे.

पैसे मात्र आले नाहीत. मामांनी 2010 मध्ये दरखास्त लावली, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज केला. मग जप्तीचे वॉरंट, बेलिफ, कार्यालयातल्या खुर्च्या आणि कपाटांची यादी. असले फोटो तुम्ही पेपरात पाहता आणि तुम्हाला तो शासनाचा अपमान वाटतो. दरखास्तीची नोटीस तुमच्याकडे पोचली आणि मगच अपिलाला पाय फुटले. 17 नोव्हेंबर 2011 ला उच्च न्यायालयात अपील दाखल झाले, सोबत विलंब माफीचा अर्ज. विलंब 779 दिवस. शेजाऱ्याला कॅलेंडर दाखवणारे जे कार्यालय, तेच हे.

तो अर्ज मी वाचला आहे. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, सोबत जोडलेला पत्रव्यवहार मराठीत. निकालाची प्रत ‘प्राप्त झाली’. ती अभिप्रायास्तव ‘सादर करण्यात आली’. त्रुटींची पूर्तता करणेबाबत ‘कळविण्यात आले’. नस्ती ‘पुनश्च सादर करण्यात आली’. शाळेत आम्हाला कर्मणी प्रयोग शिकवताना गुरुजी म्हणायचे, यात कर्ता लपला तरी चालतो. 779 दिवसांत एकाही वाक्याला कर्ता नव्हता. फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे शोधायला मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. एका ठिकाणी दोन पत्रांमध्ये 211 दिवस गेलेले. त्या 211 दिवसांबद्दल अर्जात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच.

विलंब माफ झाला. 2014 मध्ये, 5,000 रुपये खर्च भरण्याच्या अटीवर. नुसता विलंब माफ करायचा की नाही, यालाच दोन वर्षे लागली.

न्यायालयांना मी दोष देत बसत नाही. त्यांच्यासमोर नेहमी एकच धर्मसंकट असते: पैसा सरकारचा म्हणजे लोकांचा, मग बाबूच्या आळसाची शिक्षा लोकांना का? आणि या युक्तिवादासाठी तुमचे वकील हमखास एक निकाल पुढे करतात, अनंतनागच्या भूसंपादनाचा, 1987 चा. विलंबाच्या अर्जाकडे उदार नजरेने पाहा, पांडित्य करू नका, दिवसादिवसाचा हिशेब मागाल तर तासाचा आणि सेकंदाचाही मागाल का, असे त्यात म्हटले आहे. चांगलाच निकाल आहे. फक्त त्यात जम्मू-काश्मीर सरकारच्या अपिलाला उशीर किती झाला होता, हे कधी पाहिलेत? 4 दिवस. चार दिवसांसाठी उघडलेल्या खिडकीतून तुम्ही गेली जवळजवळ चाळीस वर्षे बैलगाड्या बाहेर काढत आहात.

खिडकी आता अरुंद होत चालली आहे, हे तुमच्या विधी सल्लागारांनी सांगितले असेलच. 2012 मध्ये टपाल खात्याच्या 427 दिवसांच्या विलंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की लाल फितीचे कारण चालणार नाही, मुदतीचा कायदा सरकारलाही बांधतो. 2024 मध्ये पुण्यातल्या एका जागेच्या वादात केंद्र सरकारची फेटाळली गेलेली याचिका पुन्हा सुनावणीला घेण्यासाठीचा अर्ज 12 वर्षे 158 दिवस उशिरा आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. 2025 मध्ये कर्नाटकच्या गृहनिर्माण मंडळाचा 3966 दिवसांचा विलंब उच्च न्यायालयाने माफ केला होता, तो आदेशच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. जवळजवळ अकरा वर्षे होतात ती. दार दोन्ही बाजूंनी बंद होते, हेही खरे. 2013 मध्ये कर्नाटकातल्याच जमीनमालकांचे साडेपाच वर्षे उशिरा आलेले अपील याच न्यायालयाने नाकारले होते. कायदा दगडाचा आहे असेही नाही. कोविडमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 पासून 28 फेब्रुवारी 2022 पर्यंतचा काळ सगळ्यांच्याच मुदतीतून वगळला. खरी अडचण असली की कॅलेंडर थांबते. टेबलावर फाईल पडून राहणे ही त्या जातीची अडचण नव्हे.

पण मला वाटते, आळस हे तुमच्या उशिराचे खरे कारण नाहीच. मध्य प्रदेश सरकारचे 2020 चे एक प्रकरण आहे, 663 दिवसांच्या विलंबाचे. सर्वोच्च न्यायालयाने 25,000 रुपये खर्च ठोठावला, तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला, आणि असल्या प्रकरणांना ‘सर्टिफिकेट केसेस’ म्हटले. म्हणजे अपील जिंकायला केलेलेच नसते. वरच्या न्यायालयाने फेटाळले असा कागद हवा असतो, म्हणजे फाईल बंद करता येते आणि कुणी विचारायचे राहत नाही. हे वाचून मला खालच्या खणाचा उलगडा झाला. अपील करण्याच्या टिपणीवर सही करायला कुणाचा हात थरथरत नाही. ‘अपील करू नये’ असे लिहायला मात्र सगळ्यांचा थरथरतो. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, कुणी म्हणेल साहेब मॅनेज झाले. मग फाईल अभिप्रायाला पाठवायची, परत आली की त्रुटी काढायची. निर्णय न घेण्याचा निर्णय असा दोन वर्षे फिरत राहतो आणि शेवटी जप्ती आली की उच्च न्यायालयात जाऊन पडतो.

ही भीती खोटी नाही, हे मी कबूल करतो. काही निवाडे खरोखर संशयास्पद असतात. दावेदार आणि अधिकारी संगनमताने मुदत जाऊ देतात, असेही घडते. पण तसे घडले असेल तर ज्याने मुदत जाऊ दिली त्याचे नाव त्या प्रतिज्ञापत्रात दिसायला नको का? मी हाताखालून गेलेले असे कितीतरी अर्ज पाहिले. नाव एकातही नव्हते. तुम्ही कर्ता लपवता तेव्हा चोर आणि साव एकाच ओळीत बसतात.

आणि लोकांचा पैसा म्हणाल तर त्याचाही हिशेब ऐका. जुन्या कायद्यात वाढीव मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज आहे, पैसे न्यायालयात भरेपर्यंत. मामांच्या 4 लाखांवर वर्षाला 60,000, दिवसाला 164 रुपये. 779 दिवसांचे 1 लाख 28 हजार. फक्त फाईल फिरण्याचे. खर्चापोटी भरलेले 5,000 वेगळे. एका पाझर तलावात अशी तीस-चाळीस खाती असतात. जनतेचा पैसा वाचवण्यासाठी विलंब माफ करा, असे म्हणणारे प्रतिज्ञापत्र टंकलिखित होत असताना त्या टंकलेखकाच्या पगारापेक्षा व्याज जास्त चढत होते.

मुदत ही फक्त हरलेल्याला घातलेली वेसण नाही. ती संपली की जिंकलेल्याच्या हातात एक हक्क येतो, आणि तो हलक्या हाताने काढून घेऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 पासून सांगितले आहे. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या अपिलाची मुदत अपील न होता संपली की दुसरे लग्न करता येते. कायद्याला त्या तारखेवर एवढा भरवसा आहे की माणूस बोहल्यावर उभा राहू शकतो. मामांना फक्त विहिरीला पाइप टाकायचा होता. 2009 च्या दसऱ्यानंतर त्यांनी बोअरवाल्याला विसारही दिला होता, तो बुडाला.

मामा 2018 मध्ये गेले. त्यांचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणणे हे अपील करणाऱ्याचे, म्हणजे तुमचे काम. तेही मुदतीत झाले नाही. पुन्हा विलंब माफीचा अर्ज, पुन्हा ‘प्रशासकीय कारणास्तव’. माझ्या मामेभावाने ती नोटीस घेतली तेव्हा त्याला आधी वाटले, चुकून जुनीच आली.

म्हणून तुमच्याकडे मागणे एवढेच आहे. निकाल लागला त्याच दिवशी नक्कलेचा अर्ज द्या. आता निकाल ई-कोर्ट्सवर वाचायला मिळतात, अभिप्रायासाठी सही-शिक्क्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा सरकारी वकिलांचे मत महिन्याच्या आत घ्या आणि पुढच्या महिन्यात हो किंवा नाही ठरवा. तिसरा महिना कागदपत्रांना राहतो. हो ठरले तर खुशाल अपील करा, त्याला कुणाची हरकत नाही, तो तुमचाही हक्क आहे. नाही ठरले तर ‘अपील करू नये’ असे कारणासहित लिहा, खाली नाव आणि हुद्दा घाला, आणि त्याची एक प्रत समोरच्या माणसाला द्या. हे पत्र मी मुख्यतः या शेवटच्या प्रतीसाठी लिहितो आहे. अपील करण्याचा कागद शेतकऱ्याच्या घरी बेलिफ घेऊन येतो. अपील न करण्याचा कागद मी उभ्या नोकरीत कुणाच्या हातात पाहिला नाही. आणि जो अधिकारी तशी सही करील, त्याच्या पाठीशी वरच्यांनी उभे राहावे. नाहीतर सगळे पुन्हा खालच्या खणात.

एवढे करूनही उशीर झालाच, तर प्रतिज्ञापत्रात टेबलाटेबलाच्या तारखा लिहा, ‘करण्यात आले’ नको. ‘मी ठेवून घेतले’ असे लिहिणारा एखादा अधिकारी भेटला, तर त्याचा विलंब माफ व्हावा म्हणून मीच न्यायालयाला पोस्टकार्ड टाकीन.

मामांच्या प्रकरणातले अपील मुंबईहून कोल्हापूरला आले आणि गेल्या महिन्यात फेटाळले गेले. 2009 ची रक्कम आहे तीच राहिली, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. आता सर्वोच्च न्यायालयात जायला तुम्हाला 90 दिवस आहेत. मामेभाऊ परवा फोनवर म्हणाला, ‘दादा, तुला मोजता येतं. यांची मुदत कधी संपते?’ मी तारीख काढून ठेवली आहे, पण त्याला सांगितलेली नाही. जायचे नसेल तर तसे एका ओळीत लिहून त्याच्या पत्त्यावर पाठवा. मग सांगतो.

आपला,
नक्कल विभागातला एक निवृत्त लिपिक